रोमन घर कसे पाहावे : पॉम्पेईच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंत

रोमन घर पाहायला गेल्यावर भिंतीवरची चित्रे सर्वांत शेवटी पाहावीत, हा या लेखाचा पहिला आणि मुख्य सल्ला आहे. तो ऐकायला विचित्र वाटेल, कारण इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराला जाणारा माणूस बहुधा त्या चित्रांसाठीच गेलेला असतो. मीही पहिल्या खेपेस तसाच गेलो, एका दालनातून दुसऱ्या दालनात चित्रांमागे धावलो आणि संध्याकाळी वहीत पाहिले तर तीसेक पौराणिक प्रसंगांची नावे होती. पण ती चित्रे कोणत्या दालनात होती, त्या दालनात कोणत्या दारातून शिरायचे आणि तिथे बसणारा माणूस कोणत्या बाजूला तोंड करून बसत असे, यांपैकी काहीही सांगता येत नव्हते. ही चित्रे चौकटीत बसवून हलवता येणारी नव्हती. विशिष्ट दालनाच्या विशिष्ट भिंतीवर, विशिष्ट उजेडात, ठरलेल्या जागी बसणाऱ्या माणसासाठी ती रंगवलेली होती, आणि म्हणून घर समजल्याशिवाय ती पुरती समजत नाहीत.

पुढची सगळी पद्धत मी मुख्यतः पॉम्पेईतील वेट्टींच्या घराच्या आधारे सांगणार आहे. इतर घरांचे दाखले जिथे अधिक बोलके आहेत तिथे ते घेईन.

जाण्यापूर्वी

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले आणि १७४८ मध्ये तेथे खोदकाम सुरू झाले. सुरुवातीच्या शंभर वर्षांत हे खोदकाम म्हणजे बव्हंशी राजसंग्रहासाठी वस्तू काढणे होते : चांगले चित्र दिसले की गिलाव्यासकट कापून काढायचे, मोझेक उचलायचे आणि उरलेली भिंत ऊनपावसाच्या हवाली करायची. १८६३ मध्ये संचालक झालेल्या ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी हे खोदकाम शिस्तीत आणले. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसांचे ठसे घेण्याची रीत त्यांचीच, आणि घरांना पत्ते देण्याची आजही चालणारी रीतही त्यांचीच. शहराचे नऊ विभाग, प्रत्येक विभागात रस्त्यांनी वेढलेले घरांचे गट आणि प्रत्येक गटात दारांचे क्रमांक अशी ती रचना आहे. वेट्टींचे घर म्हणजे सहावा विभाग, पंधरावा गट, पहिले दार. घरांची प्रचलित नावे शोधकांनी नंतर ठेवलेली असतात आणि एकाच घराला दोन-तीन नावे असू शकतात, त्यामुळे वहीत नावाबरोबर हा तीन आकड्यांचा पत्ता लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

वेट्टींचे घर १८९४ ते १८९६ या काळात खोदले गेले आणि तेव्हा चित्रे कापून न नेता जागीच ठेवण्याचा, त्यांच्यावर छप्पर पुन्हा उभारण्याचा निर्णय झाला. शिकण्यासाठी हे घर निवडण्याचे कारण तेच आहे : येथे भिंत, फरशी, दार आणि बाग यांचा परस्परसंबंध अजून डोळ्यांनी दिसतो. बरीच वर्षे बंद राहून, दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

घरी बसून या घराचा नकाशा हाताने काढावा. छापील नकाशा पाहणे वेगळे आणि काढणे वेगळे. काढताना प्रत्येक दार कुठे आहे हे ठरवावेच लागते. नकाशावर उघड्या आकाशाच्या जागा एका रंगाने, दारे दुसऱ्या रंगाने आणि पाण्याच्या जागा तिसऱ्या रंगाने भराव्यात. एवढे केले तरी घराच्या अर्ध्या गोष्टी उलगडतात, कारण रोमन घर रस्त्याकडे खिडक्या टाकून उजेड घेत नाही. ते आतल्या उघड्या चौकांतून उजेड आणि पाणी दोन्ही घेते. वाडा पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना सहज कळेल, मात्र चौकाची सोय समान असली म्हणून दोन्ही घरांतले राहणे समान होते असे मानू नये.

उंबरठ्यावर दहा मिनिटे

घरापाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरू नये. आधी उंबरठ्याचा दगड पाहावा. दाराच्या उभ्या कण्याचे टोक ज्यात फिरत असे ती खोबण, कडीचा दांडा ज्यात उतरत असे ते भोक आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पडलेली झीज या तीन खुणा शोधाव्यात. उंबरठ्याच्या दगडात लांबच लांब सरळ खाच दिसली, तर ते राहत्या घराचे दार नव्हे, दुकानाचे आहे. त्या खाचेत उभ्या फळ्या सरकवून दुकान बंद होत असे. आपल्याकडच्या जुन्या पेठांत फळ्या लावून दुकान बंद करीत, तसेच ते होते. पुष्कळ मोठ्या घरांच्या दर्शनी भागात दाराच्या दोन्ही अंगांना अशी दुकाने असतात. त्या दुकानांतून घरात शिरायला आतले दार आहे की नाही हे अवश्य पाहावे, कारण दार असेल तर ते दुकान बहुधा घरमालकाच्या माणसांकडे होते आणि दार नसेल तर भाड्याने दिलेले असण्याचा संभव अधिक.

मग दारात मधोमध उभे राहून समोर पाहावे. रोमन समाजात वजनदार माणसाच्या दारी सकाळी त्याचे आश्रित मुजऱ्याला जमत. घराची मांडणी त्या सकाळच्या नजरेसाठी केलेली असते. पारंपरिक क्रम असा की अरुंद प्रवेशमार्ग, मग आकाशाकडे उघडा असलेला दर्शनी चौक, ज्याला लॅटिनमध्ये आत्रियम म्हणतात, त्यापलीकडे मालकाची बैठक असलेले ताब्लिनम हे दालन आणि त्यामागे खांबांची पडवी चहूबाजूंनी असलेली बाग, म्हणजे पेरिस्टाइल. ही सगळी दालने एका सरळ रेषेत असल्याने दारातल्या माणसाला घराची खोली एका नजरेत दिसे, पण तिथवर जाण्याची मुभा प्रत्येकाला नसे.

वेट्टींच्या घरात या क्रमात एक ठळक बदल आहे : येथे ताब्लिनम नाहीच. दर्शनी चौकातून नजर थेट बागेवर, खांबांवर आणि संगमरवरी कुंड्यांवर जाते. चौकाच्या दोन्ही अंगांना दगडी चौथऱ्यांवर धातूने मढवलेल्या दोन तिजोरीपेट्या ठेवलेल्या होत्या, दारातून येणाऱ्याला दिसतील अशा. प्रवेशमार्गाच्या भिंतीवर प्रायापस या सुफलतेच्या देवाचे चित्र आहे; तो आपले प्रचंड लिंग तराजूच्या एका पारड्यात आणि पैशांची थैली दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलतो आहे व पायाशी फळांनी भरलेली टोपली आहे. या चित्रासमोर पर्यटक हसतात आणि पुढे जातात. तेथे थांबून विचार करावा, कारण रोमन लोक दृष्ट लागू नये म्हणून अशा प्रतिमा दाराशी ठेवीत, आणि देवाची थैली, पुढच्या पेट्या व मागची बाग एका ओळीत पाहिली की हे घर आल्यागेल्याला स्वतःविषयी काय सांगू इच्छिते ते कळू लागते.

या सांगण्यामागची माणसेही थोडीफार माहीत आहेत. घरात सापडलेल्या काशाच्या मुद्रांवर आउलुस वेट्टियुस रेस्तितुतुस आणि आउलुस वेट्टियुस कोन्विव्हा अशी नावे आहेत. कोन्विव्हा हा सम्राटपूजेच्या मंडळाचा सभासद होता, आणि ते मंडळ प्रामुख्याने मुक्त झालेल्या गुलामांचे असे. त्यावरून हे दोघे गुलामगिरीतून सुटून श्रीमंत झालेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोघे भाऊ होते असे अनेक ठिकाणी बेधडक लिहिलेले असते, पण एकाच धन्याने मुक्त केलेल्या दोन गुलामांनाही त्या धन्याचेच कुलनाम मिळे. म्हणून वहीत ‘बंधू’ लिहू नये.

चौक, छप्पर आणि पाणी

दर्शनी चौकात मान वर करून छपराचा उघडा चौकोन पाहावा आणि मग खाली पाहून त्याच्या बरोबर खालचा उथळ हौद पाहावा. छपराची उतरण आत असल्याने पावसाचे पाणी कौलांच्या पन्हळींतून या हौदात पडे आणि तेथून जमिनीखालच्या टाक्यात जाई. टाक्याचे तोंड म्हणजे जवळच दिसणारा दगडी कठडा. पुढे शहरात नळाचे पाणी आले तेव्हा हौदाचे मूळ काम उरले नाही, तरी शोभेसाठी तो राहिला. वेट्टींच्या बागेत शिशाच्या नळ्या अजून दिसतात आणि त्या नळ्यांनी पुतळ्यांतून कारंजी उडत. चौक पावसाच्या पाण्यावर आणि बाग नळाच्या पाण्यावर, अशी एकाच घरातली दोन युगे पाहायची असतील तर नकाशावर तिसऱ्या रंगाने भरलेल्या जागा येथे ताडून घ्याव्यात.

पुस्तकांत प्रत्येक दालनावर एकेक लॅटिन नाव चिकटवलेले असते, पण त्या नावावरून दालनाचा वापर ठरवून टाकू नये. दर्शनी चौकांत कपाटे आणि मागाची वजने सापडली आहेत, म्हणजे मुजऱ्याची वेळ टळली की त्याच चौकात विणकाम आणि साठवणही चाले. दालनाचा वापर दिवसाच्या वेळेनुसार बदलत असे, हे ध्यानात ठेवावे.

गवंडीकाम वाचणे

जिथे गिलावा पडलेला आहे अशी भिंत अभ्यासकाला फार उपयोगाची असते. पॉम्पेईत जुन्या भिंती सार्नो नदीकाठच्या चुनखडीच्या मोठ्या चिऱ्यांच्या असतात. शल्यविशारदाचे घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराचा दर्शनी भाग त्याचा उत्तम नमुना आहे. नंतरच्या भिंतींत नोचेराचा करडा टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड), लाव्ह्याचे तुकडे आणि चुन्यात बसवलेले अनगड दगड येतात, मग जाळीसारखे तिरपे बसवलेले चौकोनी दगड येतात, आणि कोपऱ्यांत व दारांच्या बाजूंना विटा येतात. पॉम्पेईला इसवी सन ६२ च्या सुमारास मोठ्या भूकंपाने हादरवले होते, आणि त्यानंतरच्या सुमारे सतरा वर्षांच्या डागडुजीत विटा व दगड यांचे आलटूनपालटून थर पुष्कळ वापरलेले दिसतात. बुजवलेले दार, अचानक बदललेला दगड, भिंतीला आडवा गेलेला सांधा अशा जागी थांबून आधी काय होते आणि नंतर काय झाले एवढाच प्रश्न विचारावा. नेमके वर्ष सांगण्याचा मोह टाळावा. आधी-नंतरचा क्रम बरोबर लागला तरी ते मोठे काम झाले.

गिलावा आणि रंग

आता भिंतीच्या पृष्ठभागाकडे यावे, पण चित्राच्या विषयाकडे अजून नको.

रोमन वास्तुविशारद व्हित्रुव्हियस याने उत्तम गिलाव्यासाठी वाळू-चुन्याचे तीन आणि त्यावर संगमरवराची भुकटी मिसळलेल्या चुन्याचे तीन थर सांगितले आहेत. प्रत्यक्षात पॉम्पेईच्या पुष्कळ भिंतींवर इतके थर नाहीत. तुटलेल्या कडेशी बारकाईने पाहिले तर थर मोजता येतात आणि मालकाने खर्च कुठे केला, कुठे वाचवला, हेही दिसते. रंग ओल्या गिलाव्यावर दिला की चुना वाळताना तो रंग पक्का धरून ठेवतो. म्हणून रंगारी एका वेळी तेवढ्याच भागाला शेवटचा गिलावा करीत जेवढा ओला असताना रंगवून होईल, आणि काम वरून खाली उतरत येई. वरच्या पट्ट्याचा खालच्या पट्ट्याशी जिथे सांधा येतो, ती आडवी रेघ तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. आणखी जवळ गेल्यास सरळ रेषांच्या जागी सुताची खूण सापडते : ओल्या गिलाव्यावर दोरी ताणून आपटली की तिच्या पिळाचा बारीक ठसा उमटतो, आणि जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही तो पीळ मोजता येतो. गोलाकारांच्या मध्यभागी कंपासाच्या टोकाचे छिद्र असते. मला पॉम्पेईतल्या कोणत्याही देवतेपेक्षा हा दोरीचा पीळ अधिक जवळचा वाटतो, कारण तो ओढून आपटणारे दोन हात त्यात दिसतात.

हे काम मध्येच थांबलेले पाहायचे असेल तर नवव्या विभागातील ‘काम करणाऱ्या चित्रकारांचे घर’ माहीत असावे. उद्रेकाच्या वेळी तेथे एक मोठे दालन रंगवणे चालू होते. भिंतीचा वरचा भाग पूर्ण, मधला अर्धवट आणि मधल्या चौकटीतील मुख्य चित्राच्या जागा अजून बाकी, अशा अवस्थेत सगळे टाकून माणसे निघून गेली. रंगांची भांडी, चुना आणि हत्यारे तेथेच सापडली. वरून खाली येणारा कामाचा क्रम येथे अनुमानाने सिद्ध करावा लागत नाही, तो समोर उभा आहे.

रंगांकडे पाहताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे किंमत. रोमन लेखक थोरला प्लिनी, जो याच उद्रेकात मृत्यू पावला, त्याने रंगांचे भडक आणि सौम्य असे दोन गट केले असून भडक रंग मालकाने रंगाऱ्याला आणून द्यायचे असत असे नोंदवले आहे. या भडक रंगांत हिंगूळ हा लाल रंग आहे, ज्याचा दर कायद्याने पौंडाला ७० सेस्टर्स या रोमन नाण्यांपर्यंत बांधून दिलेला होता, आणि भारतातून येणारी नीळही आहे. तेव्हा एखाद्या दालनाच्या भिंती हिंगुळाच्या असतील, तर ते दालन घरमालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते असे समजायला हरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हिंगूळ उजेडाने काळवंडतो. व्हित्रुव्हियस सांगतो की फाबेरियुस नावाच्या लेखनिकाने रोमच्या आव्हेन्तिन टेकडीवरच्या घरातली बाग-पडवी हिंगुळाने रंगवून घेतली आणि तीस दिवसांत ती डागाळून कुरूप झाली, म्हणून त्याला दुसरे रंग द्यावे लागले. यावर उपाय म्हणून रंगावर मेण-तेलाचा लेप देऊन तो घोटत. तिसरी गोष्ट पॉम्पेईपुरती आहे : पिवळी माती तापली की लाल होते, आणि उद्रेकाच्या उष्णतेने अनेक पिवळ्या भिंती लाल झाल्या. लाल पृष्ठभागाच्या कोपऱ्यात किंवा कडेला पिवळा पट्टा शिल्लक दिसला तर मूळ रंग कोणता होता याचा फेरविचार करावा. ज्याला जगभर ‘पॉम्पेईचा लाल’ म्हणतात, त्यातला काही भाग रंगाऱ्याने दिलेलाच नाही.

निळा रंग बहुधा कृत्रिम असे : तांबे, वाळू आणि चुनखडी भाजून केलेला, ज्याला इजिप्शियन निळा म्हणतात. पॉम्पेईजवळच्या पुतेओली येथे, म्हणजे आजच्या पोत्सुओली येथे, व्हेस्तोरियुस याने त्याचा कारखाना काढल्याचे व्हित्रुव्हियसने लिहिले आहे.

चार शैली वापराव्यात, पण तारीख म्हणून नव्हे

जर्मन विद्वान आउगुस्ट माउ यांनी १८८२ मध्ये पॉम्पेईच्या भिंतींची चार शैलींत विभागणी केली आणि ती आजही कामाची आहे. पहिल्या शैलीत चित्र नसतेच. गिलाव्याला उठाव देऊन आणि रंग देऊन रंगीत संगमरवरी चिऱ्यांचा भास केलेला असतो. इसवी सनपूर्व ८० च्या सुमारास दुसरी शैली येते आणि भिंत जणू उघडते : रंगवलेले खांब पुढे येतात, मागे मंदिरे, रस्ते, आकाश दिसू लागते. सम्राट आउगुस्तुसच्या काळात तिसऱ्या शैलीत भिंत पुन्हा मिटते, सपाट एकरंगी पृष्ठभाग, देठासारखे नाजूक खांब आणि मध्ये एक चित्र. साधारण इसवी सन ४५-५० नंतरची चौथी शैली आधीच्या सगळ्यांचा एकत्र वापर करते : सपाट चौकटी आहेत, त्यांच्या मधल्या फटींतून अशक्य वास्तू दिसतात, झालरीसारख्या किनारी आहेत. व्हित्रुव्हियसने आपल्या काळातील नव्या चालीवर टीका करताना, बोरूच्या काड्या छप्पर कसे पेलतील, असा आक्षेप घेतला आहे. तो आक्षेप मनात ठेवून तिसऱ्या शैलीची भिंत पाहिली की तिचे वैशिष्ट्य लगेच कळते.

वेट्टींचे घर मुख्यतः चौथ्या शैलीचे आणि भूकंपानंतर सजवलेले आहे. परंतु शैलीवरून घराचे वय काढण्यात एक धोका आहे. जवळच्याच, फॉन या वनदेवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरात, जे सुमारे तीन हजार चौरस मीटरचे आणि पॉम्पेईतील सर्वांत मोठ्या घरांपैकी आहे, पहिल्या शैलीच्या भिंती इसवी सन ७९ पर्यंत राखून ठेवलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनी जुनेपण मिरवले. शैली सांगते ती भिंत कधी रंगली असावी; तिच्यासमोर माणसे कधीपर्यंत जेवली ते ती सांगत नाही.

फरशीकडे मान वळवावी

चित्रांआधीची शेवटची पायरी म्हणजे पायाखाली पाहणे. साध्या दालनांत विटा-कौलांची पूड चुन्यात मिसळून केलेली, म्हणजे आपण जिला सुरखी म्हणतो तिची जमीन असते, आणि कधी तिच्यात पांढरे खडे ओळीने रोवलेले असतात. श्रीमंत दालनांत काळ्यापांढऱ्या खड्यांचे मोझेक असते. फॉनच्या घरातील अलेक्झांडरचे प्रसिद्ध मोझेक १८३१ मध्ये सापडले, ५.८२ बाय ३.१३ मीटरच्या त्या चित्रात दहा लाखांहून अधिक खडे आहेत आणि ते आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

पण फरशीची नक्षी सुंदर आहे की नाही यापेक्षा ती कुठे थांबते हे महत्त्वाचे आहे. झोपण्याच्या खोलीत मागच्या भिंतीजवळची जागा साधी सोडलेली असते आणि तिथेच वरचे छत कमानीसारखे खाली आलेले असते : ती पलंगाची जागा. बहुधा त्याच रेषेवर भिंतीवरची रंगयोजनाही बदलते. भोजनदालनात मधली जागा नक्षीची आणि तिन्ही भिंतींलगतचे पट्टे साधे, कारण त्या पट्ट्यांवर कोच असत आणि पाहुणे डाव्या कोपरावर टेकून, आडवे होऊन जेवत. हे लक्षात आले की त्या पट्ट्याजवळ खाली बसावे, नजर त्या उंचीवर आणावी आणि मगच मान वर करावी.

आता चित्रे

वेट्टींच्या बागेभोवतीच्या पडवीवर उघडणारी दोन दालने एकमेकांशी ताडून पाहावीत. एका दालनात मधल्या चौकटींत बाल हर्क्युलिस साप आवळतो आहे, पेन्थेउसला मद्यदेव बाकसच्या उन्मत्त भक्तिणी फाडून मारत आहेत आणि डिर्केला बैलाला बांधण्यात येत आहे. दुसऱ्यात इक्सिओनला चाकाला जखडले आहे, डेडालुस राणी पासिफाएला लाकडी गाय दाखवतो आहे आणि डायोनिससला, म्हणजे त्याच बाकसला, निजलेली आरिआद्ने सापडते आहे. प्रत्येक चित्राची कथा माहीत करून घेणे आवश्यक आहेच, पण त्याहून आवश्यक आहे तीन चित्रांना एकत्र ठेवून पाहणे. पहिल्या दालनात थेबेस नगरीशी निगडित कथा आहेत आणि देवांशी केलेल्या आगळिकीचे शासन पुन्हा पुन्हा येते. पाहुण्यांनी जेवता जेवता या तिन्हींतला दुवा शोधावा, त्यावर बोलावे, आपली विद्या दाखवावी, अशी ही योजना असावी. मुक्त झालेल्या गुलामाने आपल्या भिंतीवर ग्रीक पुराणे इतक्या नेटक्या जुळणीने लावून घेणे यात मला नुसता थाट दिसत नाही. ज्या समाजाने त्याला वस्तू मानले होते, त्याच समाजाची विद्या आता त्याच्या घरी राहायला आली होती.

मोठ्या दालनात मात्र मोठ्या चित्रांकडे नव्हे, खाली कमरेच्या उंचीवरच्या अरुंद काळ्या पट्टीकडे जावे. तिच्यावर पंखवाले चिमुकले क्यूपिड, म्हणजे बाळरूपातले प्रेमदेव, नाना कामे करताना दाखवले आहेत. अत्तर करणारे घ्यावेत : दोघे मोठ्या हातोड्यांनी पाचरी ठोकून घाणा आवळत आहेत, तेल निथळते आहे, पुढे कढईत ढवळणे चालू आहे, बाटल्यांचे कपाट आहे आणि शेवटी आसनावर बसलेली गिऱ्हाईक स्त्री मनगटाला अत्तर लावून वास घेते आहे. सोनारकामात भट्टी, फुंकणी, ऐरण आणि छोटा तराजू आहे. रंगारी-धोबी हौदात कपडे तुडवीत आहेत, कोणी फुलांच्या माळा करीत आहे, कोणी दारू चाखून विकत आहे. ही पट्टी म्हणजे रोमन कारागिरीचा पुरावा म्हणून वापरता येते, कारण घाण्याच्या पाचरी आणि सोनाराची अवजारे नेमकी आहेत. पण हेही विसरू नये की ही कामे खऱ्या जगात घामाघूम गुलाम आणि मजूर करीत होते, आणि भोजनदालनाच्या भिंतीवर त्यांच्या जागी गोंडस, न थकणारी बाळे आली आहेत.

शक्य असेल तर अशा दालनात उजेड कमी असताना जावे. २०२४ मध्ये नवव्या विभागात ट्रॉयच्या कथांतील व्यक्ती काळ्या भिंतींवर रंगवलेले सुमारे १५ मीटर लांब भोजनदालन सापडले, तेव्हा भिंती काळ्या ठेवण्याचे एक कारण दिव्यांची काजळी दिसू नये हे असावे, असे तेथील संचालकांनी सांगितले. तेलाच्या दिव्याची ज्योत हलली की काळ्या पार्श्वभूमीवरची माणसेही हलल्यासारखी वाटत. विजेच्या पांढऱ्या झोतात काढलेले छायाचित्र हा परिणाम कधीच दाखवत नाही.

स्वयंपाकघर चुकवू नये

बहुतेक जण येथवर येऊन परत फिरतात आणि घराचा निम्मा भाग राहून जातो. वेट्टींच्या दर्शनी चौकाच्या बाजूने एका लहान, साध्या चौकात जाता येते. तेथे देव्हारा आहे : मधोमध टोगा हे रोमन वस्त्र डोक्यावरून घेतलेला, घरधन्याचा रक्षक आत्मा म्हणजे गेनियुस, दोन्ही बाजूंना शिंगाच्या आकाराचे पेले उंचावून नाचणारे लारेस, म्हणजे गृहदेवता, आणि खाली वेदीकडे सरपटणारा साप. शेजारी स्वयंपाकघर असून त्यातल्या ओट्यावर काशाची भांडी खोदकामात जशीच्या तशी सापडली. या बाजूच्या भिंती जवळपास कोऱ्या आहेत. रंग कुठे थांबतो, गिलावा कुठे जाडाभरडा होतो, ती रेषा नकाशावर ओढावी. मालकाचे घर आणि नोकर-गुलामांचे घर यांची सीमा तीच असते. स्वयंपाकघराला लागून शृंगारचित्रे असलेली एक छोटी खोली आहे, आणि घराच्या प्रवेशाशी एउतिखिस नावाच्या ग्रीक स्त्रीच्या शय्यासोबतीची किंमत दोन आस असल्याचे भिंतीवर कोरलेले आहे. दोन आस म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी. ते चार शब्द वाचून पुन्हा क्यूपिडांकडे जावे.

बागेत लावलेली झाडे नव्याने लावलेली असतात. पण मूळ झाडे कोणती व कुठे होती हे अनेक पॉम्पेईयन बागांत कुजलेल्या मुळांच्या पोकळीत ओतीव काम करून शोधण्यात आले आहे, तेव्हा वाफ्यांची आखणी काल्पनिक समजू नये.

नेपल्स, आणि तेथील एक हस्तिदंती स्त्री

पॉम्पेईच्या घराचा अभ्यास नेपल्सच्या संग्रहालयाशिवाय पुरा होत नाही, कारण हलवता येण्याजोगे सगळे तेथे आहे. एक दिवस पॉम्पेईत, दुसरा दिवस नेपल्समध्ये आणि जमल्यास तिसरा पुन्हा पॉम्पेईत, हा क्रम चांगला. नेपल्सहून लोकल गाडीने पॉम्पेईचे अवशेषस्थान गाठता येते. पॉम्पेईत आता दिवसाला वीस हजार प्रवेशांची मर्यादा आहे, म्हणून तिकीट आधी काढावे. संग्रहालय सहसा मंगळवारी बंद असते. घरांमध्ये झगझगीत फ्लॅश वापरू नये आणि गिलाव्याला हात तर मुळीच लावू नये. हाताचा घाम आणि मीठ त्या पृष्ठभागाला खातात.

संग्रहालयातील वस्तूपुढे उभे राहून एकच प्रश्न विचारावा : ही कोणत्या दालनात, कोणत्या उंचीवर होती? मराठी वाचकाने हा प्रश्न विशेषकरून एका वस्तूला विचारावा. पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यांपैकी एकावरच्या घरात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांना सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. दोन बाजूंना दोन सेविका, अंगभर दागिने, बैठकीवर खरोष्ठी या प्राचीन लिपीतले अक्षर आणि आतून उभे पाडलेले भोक. माइउरींनी तिला लक्ष्मी म्हटले. आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात आणि ती एखाद्या आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी असे समजतात. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत, आणि ही दोन्ही गावे सातवाहनकाळात व्यापाराची केंद्रे होती. ती मूर्ती घडली कुठे याबद्दल वाद असला, तरी ती एका रोमन घरात रोजच्या वापरातली किंवा कौतुकाची वस्तू म्हणून होती हे निश्चित आहे. काचेतल्या मूर्तीपाशी उभे राहून वहीत घराचा पत्ता लिहावा, पहिला विभाग, आठवा गट, पाचवे दार, आणि दुसऱ्या दिवशी त्या दाराशी जाऊन उंबरठ्यावर पुन्हा दहा मिनिटे थांबावे.